मुखडा नसलेलं गाणं

“तुले कोनं सांगितलं होतं मुखडा परत घ्याले?” प्रेमलालचा पारा सकाळपासून चढलेला होता.

“सांगाले कोन पायजे? तुमचं गाणं संपलं हे विहारात कोणालेच समजलं नाही,” दुर्गाबाई भाजी हलवत म्हणाली.

“संपलं नव्हतं, विरलं होतं. सगळं अनित्य आहे, दुर्गा. गेलेली ओळ परत कशी येईन?”

“जेवण बरं दोन टाइम परत येते तुमचं.”

प्रेमलालला विचारांची बाधा लवकर होई. मलाजखंडच्या खाणीत नोकरी करता करता तो भीमगीतांना चाली लावायचा. नागपूरच्या एका शिबिरात त्याने ऐकलं, कला हे शस्त्र आहे. झालं, त्याच्या चाली लेफ्ट-राइट करत निघाल्या. लेकीची, पौर्णिमाची अंगाईसुद्धा! पोर दचकून उठायची. पुढे कोणी म्हणालं, खरी कला लोकांच्या तोंडी असते. मग तो कटंगीच्या बाजारात आरोळ्या ऐकत बसला, आणि त्या साली जयंतीचं गाणं वांगी विकल्यासारखं वाजलं.

दुर्गाबाईने सगळं गाऊन दिलं. कारण चाल कसलीही असो, मुखडा फिरून यायचा, आणि आला की तो तिचा आणि कोरसच्या बायांचा असायचा. लांबवा, खेचा, गळा मोकळा सोडा, कोणी विचारणारं नाही. एरवी कुठे मिळतं तसं?

निवृत्तीनंतर प्रेमलालने प्रवचनात अनित्यता ऐकली आणि नेमका मुखडाच काढून टाकला. काल विहारात बाया नुसत्या टाळ्या वाजवत मागे बसल्या. प्रेमलाल गाता गाता थांबला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. दुर्गाबाईच्या तोंडून सवयीने पहिली ओळ निघाली आणि अख्खा विहार तिच्यामागे गाऊ लागला.

“माझ्या तत्त्वाचा कचरा केला तू.”

“पापा, सच बोलूं?” पौर्णिमाने मोबाइलमधून मान वर केली. “ग्रुपमध्ये सगळ्यांनी मम्मीवालाच हिस्सा टाकलाय.”

प्रेमलालचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. “तर आता कोरसच बंद. बुद्धपौर्णिमेले मी एकटा गाईन.”

दुर्गाबाईने गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

“बुद्धपौर्णिमेले बाया गातीन. चाल मी लावीन. तुमी समोर बसून ऐका.”