औषध नव्हे, तांदूळ
मी शाळेत विज्ञान शिकवत होते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी विचारण्यापेक्षा ते बरं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझे वडील, आबा, सणसरला राहायचे. एकदा त्यांच्या छातीत कळ आली. बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणाले आणि रोज रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. आबांनी तरुणपणी मेंढरं राखली होती. पुढे घरात ऊस आला आणि मेंढरं गेली, पण माझ्या चुलत्यांचा कळप अजून दर दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. एकदा शेवटचं त्या कळपामागं पायी जायचं, एवढी एकच इच्छा आबांनी धरली होती. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट सुधारला तर खुशाल जा."

मी बारामतीत नोकरीला. आमच्या शाळेतल्या एक बाई साखळी पद्धतीनं कॅप्सूल विकायच्या. त्यांनी मला एका मंगल कार्यालयात सभेला नेलं. तिथं टाय लावलेला एक माणूस सांगत होता की, चिनी लोक शेकडो वर्षं या कॅप्सूलमधला आंबवलेला लाल तांदूळ खातात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आरशासारख्या स्वच्छ असतात. मला ते पटलं. पटलं कसलं, मी पटवून घेतलं. आबांना मीच बरं केलं, असं मला चारचौघांत मिरवायचं होतं. घरात एकटी शिकलेली असले की ही हौस फार.

मी घरी आणलेली कॅप्सूलची बाटली आईनं हातात फिरवून पाहिली. "आंबलेला भात आमी म्हशीला घालतो, अन् तुमी मास्तरणी बाटलीत घालता व्हय!"

आबांना मुळात गोळ्यांचा तिटकारा. एक गोळी घेताना तोंड वाकडं करणारा माणूस दुसरी कशाला घेईल? म्हणून मी सांगितलं, "आबा, हे औषध नाही. तांदूळ आहे." आमच्या घरात अन्नाला नाही म्हणत नाहीत. आबा कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायला लागले. एकदा ती हातातून निसटून खाली पडली, तर त्यांनी उचलली, कपाळाला लावली आणि मग तोंडात टाकली. डॉक्टरांची गोळीही चालूच होती. दोन्ही घेतलं की काम दुप्पट वेगानं होईल, असं माझं विज्ञान.

महिनाभरानं त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. आई रोज तेल लावून रगडायची. मी शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "चांगलंच आहे की. शरीरातला मळ बाहेर पडतोय. आता डोस वाढवा." मी वाढवला. आबा उठताना भिंतीला हात लावायला लागले, तेव्हा त्यांना घेऊन पुन्हा बारामतीच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी सरळ विचारलं, "या गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे का?"

मी म्हणाले, "नाही."

त्यावर पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की, मला खरंच ते औषध वाटत नव्हतं. साफ खोटं. प्रश्न ऐकल्याबरोबर ती बाटली माझ्या डोळ्यापुढं आली होती. मला भीती वाटली ती डॉक्टर हसतील याची. बाई विज्ञान शिकवतात आणि बापाला सभेतल्या कॅप्सूल चारतात! डॉक्टरांनी दुखण्यावर काहीतरी लिहून दिलं आणि आम्ही परत आलो.

आठवडाभरात आबांची लघवी काळ्या चहासारखी झाली. त्यांना पुण्याला हलवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधाबरोबर खाण्याचंही विचारलं. आईनं भाकरीच्या पिशवीतून बाटली काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी लेबल वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या गोळीत जे आहे, त्याच जातीचं औषध या तांदळाच्या बुरशीत तयार होतं. तुम्ही एकच औषध दोन बाजूंनी देत होता. त्यानं स्नायू विरघळायला लागलेत आणि ते मूत्रपिंडांत उतरतंय." मूत्रपिंडं कशीबशी वाचली. मांड्यांत पुन्हा ताकद आली नाही. आबा काठीनं अंगणापर्यंत जायचे, तेवढंच.

त्या शाळेतल्या बाईंशी मी नंतर बोलले नाही. पण त्यांच्यावर तरी किती राग धरणार? त्यांना कुणी डॉक्टरांनी प्रश्न विचारला नव्हता.

दिवाळी झाली. चुलते निघताना घरी पाया पडायला आले. कळप रस्त्यावरून गेला, शेवटची मेंढरं ओढ्यापलीकडे दिसेनाशी झाली, तरी आबा दारात काठीवर भार देऊन उभेच. मला राहवलं नाही. मी रडत म्हणाले, "आबा, माझं चुकलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला आठवलंच नाही हो." तेव्हाही खोटंच बोलले.

आबा रस्त्याकडेच बघत होते.

"तुला आठवलं व्हतं, बाय. मला बी आठवलं व्हतं. मी सांगनारच व्हतो, तवर तू न्हाय म्हनलीस. मग चार मानसांत लेकीला खोटं कसं पाडायचं?"