गोचीडमावशीची बाटली

गोचीडमावशीचा हात फिरला की चावरं कुत्रंही डोळे मिटून पडायचं. मोडनिंबला आमच्या गल्लीच्या टोकाला ती राहायची. दोन वर्षांपूर्वी तिनं मेंढरं विकली, पण बोटांची सवय गेली नाही. कुणाच्याही शेळीच्या, कुत्र्याच्या कानामागची गोचीड ती अलगद उपटायची आणि बामच्या जुन्या बाटलीतल्या रॉकेलमध्ये टाकायची. नखानं कधी फोडायची नाही. "त्येचं रगत लई वंगाळ. अंगाला लागू द्यायचं न्हाय," म्हणायची.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एवढ्याशा किड्याला काय भ्यायचं, म्हणून मी तिला हसायचो. ती म्हणायची, "तुमी पुस्तकं वाचली सर, मी मेंढरं राकली."

माझ्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी आमच्या टायगर कुत्र्याच्या अंगावर गोचिडं दिसली. मावशीला बोलावलं. तिनं बाटली काढताच मी म्हणालो, "रॉकेल नको, घरभर वास सुटेल." तिनं आपल्या हातांकडं बघितलं. सरपण तोडताना बाभळीच्या काट्यांनी बोटं ओरबाडली होती.

"मग नखानंच फोडू व्हय?"

"फोड की. आटप लवकर."

आठवड्याभरात तिला ताप भरला. मीच मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. "गोचीड वगैरे चावली का?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर त्या पाहुण्यांच्याच नात्यातले. आमच्या घरातली गोचिडं तिकडं कळायला नको होती. मी घाईनं म्हणालो, "छे, हिच्याकडं आता जनावरंच नाहीत." मावशीनं माझ्याकडं बघितलं. चार दिवस साध्या तापाच्या गोळ्या चालल्या.

तळहातांवर लाल ठिपके उठले तेव्हा सोलापूरला हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोचिडातले जिवाणू जखमेतून रक्तात जातात. हा आजार क्वचितच होतो, पण वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो. "कुणाची गोचिडं फोडली, मावशी?" मी दाराशीच उभा होतो. मावशी म्हणाली, "माज्या मेंढरांची."

ती वाचली. दोन्ही अंगठ्यांची काळी पडलेली टोकं मात्र काढावी लागली. लेकीचं लग्न त्याच घरी ठरलं. पहिली पत्रिका मी मावशीला नेऊन दिली, पण खरं काय ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. वर्गात पोरांसमोर उभं राहायचीही लाज वाटते.

परवा टायगर तिच्या ओट्यावर जाऊन पडला. मी त्याला आणायला गेलो, तर ती उरल्या बोटांनी त्याचा कान चाचपत होती. तिनं कमरेची बाटली काढली. झाकण तिला फिरवता येईना. तिनं बाटली माझ्यापुढं धरली.

"सर, एवडं उगडून द्या. आज रॉकेल चालंल न्हवं?"