काड्यापेटी नसलेली खोली

संतोषचा फोन आला तेव्हा मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. इंदापूरच्या एसटीडी बूथवरून बोलत होता, मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "बाई, आई गेली," एवढंच म्हणाला, आणि मग तो बाप्या माणूस फोन धरून नुसता श्वास घेत राहिला... त्याच्या आईचा, यमुनाताईंचा, निरोप येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. ज्वारी हुरड्यात आली आहे, या, म्हणून. आम्ही पिशव्या भरायला घेतल्या होत्या. त्याच पिशव्या उचलून आम्ही एसटी गाठली.

पळसदेवच्या पलीकडे, उजनीच्या पाण्याला लागून त्यांचं रान. ऊस, ज्वारी, चार म्हशी, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की लांबवर उघडं पडणारं जुनं देऊळ. आमच्या ह्यांना पक्षी बघायचं वेड, त्या वेडापायी नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात आमची स्कूटर तिथं बंद पडली आणि यमुनाताईंनी आम्हाला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी निघताना मी सहज बोलून गेले, की इथं चार दिवस राहायला फार आवडेल, पण तुम्ही दोन्ही वेळा ताट वाढणार असाल तर नको, आमचं आम्ही शिजवून खाऊ. पुणेकर माणूस निरोप घेताना असं काहीबाही बोलतोच, ते कुणी मनावर घेत नाही. यमुनाताईंनी घेतलं. पुढच्या दिवाळीच्या आत कडब्याच्या दोन खोल्या रिकाम्या करून, सारवून, आत चूल घालून त्यांनी सांगावा धाडला. या म्हणाल्या, आणि आणखी कुणी असतील तर त्यांनाही सांगा, रीतसर भाडं घेणार आहे.

घरात त्यावरून वादळ झालं. त्यांचे सासरे, आबा, म्हणजे शब्दाला पक्का आणि हट्टाला त्याहून पक्का माणूस. तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडलेले, पुढे शेतीत स्थिरावलेले. पाहुण्याच्या हातात तवा द्यायचा आणि वर पैसे घ्यायचे, यापेक्षा मोठी नाचक्की त्यांना ठाऊक नव्हती. पहिल्याच हंगामात सोलापूरचं एक कुटुंब आलं, तर आबांनी सुनेच्या नकळत तिच्या जावेकरवी दोन्ही वेळा भरली ताटं खोलीवर धाडली. बिचाऱ्यांनी आणलेलं पीठमीठ तसंच परत नेलं, जाताना दहा वेळा हात जोडले, आणि पुन्हा काही फिरकले नाहीत. आबा खूश. घराची अब्रू राहिली होती. यमुनाताई मात्र पेटल्या.

तेव्हा आम्ही शेजारच्या खोलीत होतो, त्यामुळे पुढचं सगळं कानांनी ऐकलं. ओट्यासमोर उभ्या राहून, डोक्यावरचा पदर न ढळू देता त्या म्हणाल्या, "आबा, पाहुणा किती येळा येतो? लाजतो नि यायचा थांबतो. ज्याची चूल हितं हाय, त्योच पुन्हा येतो. तुमी मेंढरं घिऊन कोकणात जायचा, तवा तितं कोण ताट वाढायचं तुमास्नी? इस्तू नि पाणी दिलं की माणूस आपलं, असं तुमीच सांगता न्हवं?"

त्या खोल्यांची पायरी मी चढणार नाही, असं आबांनी दुसऱ्या दिवशी साऱ्या भावकीत जाहीर केलं, आणि ते पाळलंही. इकडं यमुनाताईंनी आपली रीत बसवली. खोलीत तवा, काथवट, पाटा, पाण्याची घागर, सरपण, सगळं असे, फक्त काड्यापेटी नसे. आलेल्या बाईनं गोवरी घेऊन त्यांच्या चुलीपाशी जायचं आणि विस्तव मागून आणायचा. बस, तेवढंच आदरातिथ्य. त्यानंतर वांगी रानातून तोडा, दूध धारेच्या वेळी गोठ्यातून घ्या, मासळी हवी तर होडीवाल्याला हाक मारा. एक साहेब लायटर घेऊन आले तर यमुनाताईंनी तो हसत हसत मागून घेतला आणि ते निघाले तेव्हाच परत दिला. माझ्या भाकऱ्यांवर त्या दारात उभ्या राहून पोट धरून हसत, पण पिठाला हात लावत नसत. "मी एक थापली की तुमी पाहुण्या झाला," म्हणत. मला राग यायचा. चारपाच वर्षांत भाकरी फुगायला लागली तेव्हा मात्र त्यांनीच ती माझ्या हातातून घेऊन तिथंच उभ्यानं खाल्ली. मुलीच्या परीक्षा, ह्यांची बदली, माझं ऑपरेशन, काहीही असो, वर्षातून एकदा आम्ही त्या चुलीपाशी असायचोच. आमच्यासारखी आणखीही कुटुंबं झाली. यमुनाताई म्हणाल्या होत्या ते खरं होतं, आणि त्यांनी ते खरं करून दाखवलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दुखणं पोटाचं, अंगावर काढलेलं... मला त्यांचा फार राग आला, आजही येतो. घरातली चूल थंड होती. भावकीतून भाकरी येत होती, पण संतोषच्या लहानग्यांनी सकाळपासून दूधही घेतलं नव्हतं. मी आमच्या खोलीत गेले, सरपण रचलं, आणि गोवरी हातात घेतल्यावर लक्षात आलं, की विस्तव मागायला जायचं कुणाकडं? शेजारून काड्यापेटी मागवली. काडी ओढणार एवढ्यात भावकीतल्या एका म्हातारीनं हात धरला. सुतक आहे, घराची चूल तीन दिवस पेटवायची नाही, आणि ही खोली घराचीच. तिचंही चूक नव्हतं. मी काडी खाली ठेवली.

ओट्यावरून आबांचा आवाज आला. "ती आपल्या घराची चूल न्हाय. बाईंची हाय. पेटवू द्या."

म्हातारी बाजूला झाली. मी चूल पेटवली, दूध तापवलं, मुलांना पाजलं. आबांसाठी चहा ओट्यावर नेऊन दिला, तो त्यांनी घेतला. तिसऱ्या दिवसापर्यंत ती चूल मी विझू दिली नाही. सावडून मंडळी परत आली, घरातली चूल पेटवायची वेळ झाली. संतोषची बायको भिंतीतल्या देवळीत काड्यापेटी शोधत होती. मी खोलीत भाकरी थापत होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर आबा. काठी बाहेर टेकवून ठेवलेली, पायरी चढून आलेले, हातात गोवरी.

"बाई," ते म्हणाले, "इस्तू द्या."

आता संतोषला कुणी कुणी सांगतं म्हणे, की आई गेली, आता बंद कर हे खोल्यांचं लोढणं. तो बंद करणार नाही, त्यानं मला तसं कळवलं आहे, आणि त्यानं बंद करायचं म्हटलं तरी आबा करू देणार नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जाणार आहोत. पीठ, मीठ, चहा, साखर, सगळं नेऊ. काड्यापेटी नेणार नाही.