सात शिरांची भेंडी

ताई ओठांवर बोट ठेवायच्या, पण ते मुलांसाठी नसायचं. ते आम्हा पालकांसाठी असायचं. मुलांचा गोंगाट त्यांना चालायचा. पालकांनी मुलांच्या वतीने उत्तरं दिलेली मात्र अजिबात चालायची नाहीत.

बिबवेवाडीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांची बालवाडी होती. तुमच्याही भागात अशा एखाद्या ताई असतील. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणाऱ्या, आणि तरी दिवसभर जमिनीवर बसणाऱ्या.

महिन्यातून एकदा प्रत्येक पालकाने वर्गात येऊन बसायचं, असा त्यांचा नियम होता. आमची रेवा तेव्हा चार वर्षांची होती. मी खडकीला एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तरी माल परत पाठवतो. त्यामुळे बालवाडीत आपलं काय अडणार, अशा समजुतीत मी गेलो.

त्या दिवशी भाज्यांचे ठसे होते. ताटल्यांत हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी आणि पालकाच्या भाजीचा हिरवा रंग. कांदा अर्धा कापला की गोलात गोल. बटाट्याचे त्रिकोण, चौकोन. ताई आकाराचं नाव आधी कधीच सांगत नसत.

"हे काय रे?" त्यांनी एकाला विचारलं.

"समोसा."

"बरं. समोशाला कोपरे किती?"

त्याने बोट फिरवलं. "तीन. पण मधला भाग मी खाल्लाय."

"मग उरले किती?"

"तीनच," तो म्हणाला. ताई पुढे सरकल्या.

रेवाच्या हातात आडवी कापलेली भेंडी होती. तिने ती गुलाबी रंगात बुडवून कागदावर दाबली. चांदणीसारखा ठसा उठला. एकेका टोकावर बोट ठेवत तिने मोजलं, "सात" म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. कुठलंही उत्तर दिलं की ती असं बघायची. मला ते चांगल्या वळणाचं लक्षण वाटायचं.

"भेंडीला पाच असतात," मी म्हणालो.

"पाच," ती लगेच म्हणाली.

ताई हात पुसत आल्या. "मोजलंत का?"

"अहो ताई, भेंडीला पाचच शिरा असतात."

"भेंडीचं नाही विचारत. हिच्या कागदावरचं विचारतेय."

मी मोजलं. सात. उलट्या बाजूने मोजलं. तरी सातच.

"गावरान आहे," ताई म्हणाल्या. "खडकवासल्याकडच्या एक बाई आणतात. हिला कधी सात, कधी आठ. भेंडीला तुमचा नियम माहीत नाही."

मी रेवाजवळ वाकलो. "रेवा, तुझं बरोबर होतं. सातच आहेत."

रेवाने माझा चेहरा नीट न्याहाळला. मग हळूच म्हणाली, "पाच."

मी दोनदा, तीनदा सांगून पाहिलं. ती पाचच म्हणत राहिली.

शाळा सुटल्यावर ताईंनी मला दारात थांबवलं. "तिला मोजता येतं. पण मोजून झालं की ती उत्तर तुमच्या तोंडावर शोधते. पुढे पुढे मोजायचंच सोडून देईल."

"मग मी काय करू?"

"चुकत जा. तिच्यासमोर."

"मला नाही जमणार ते."

"सराव करा," ताई म्हणाल्या. "सगळ्यांना जमतं."

खोटं वाटेल, पण मला ते जड गेलं. पोळीला चौकोनी म्हणताना माझी जीभ अडायची. वांग्याला मी पिवळं म्हणालो, तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. रेवा मात्र माझ्याकडे बघायची आणि मान डोलवायची. पोळी चौकोनी, तर चौकोनी. महिने गेले. मी रोज एक चूक करत होतो आणि ती रोज मान्य करत होती. रोज रात्री वाटायचं, पोरीचं आपण कायमचं बिघडवून ठेवलं.

वर्ष संपलं आणि ताईंनी बालवाडी बंद केली. गुडघ्यांनी ऐकलं नाही. त्या साताऱ्याला बहिणीकडे गेल्या. जाताना मी म्हणालो, "ताई, अजून काही फरक नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही घाईत आहात. ती नाही."

जूनमध्ये रेवाचे बूट घेऊन परतताना आम्ही त्या खोल्यांवरून गेलो. बाहेरच्या भिंतीवर मुलांनी उठवलेले ठसे तसेच होते. खाली लाल गोलांची एक रांग, तिच्यावर निळे चौकोन. मी सवयीने गोल मोजले.

"बारा," मी म्हणालो.

रेवाने माझा हात सोडला आणि भिंतीपाशी गेली. एकेका गोलावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली, पायरीपाशी वाकली.

"तेरा," भिंतीकडेच बघत ती म्हणाली. "बाबा, हा पायरीच्या मागे आहे. तुम्ही वाकलाच नाहीत."

मी वाकून पाहिलं. तेरा होते. आणि या खेपेला मी मुद्दाम चुकलो नव्हतो. हे ताईंना तिथल्या तिथे सांगायचं होतं, पण दाराला कुलूप होतं. मी मागे वळलो तर रेवा टाचा उंचावून निळे चौकोन मोजायला लागलीही होती.