वळून बघते ना ती?

गल्लीत तिला सगळे रेडिओबाई म्हणत, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. नवरा जन्मापासून आंधळा. तो कारखान्याच्या टेलिफोनवर बसायचा आणि नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखायचा. ही शिंप्याकडे काजं-बटणं करायची आणि रविवारी नवऱ्याला सिनेमाला नेऊन अख्खा पडदा त्याच्या कानात ओतायची. मागच्या रांगेतून कुणी "श्श" केलं की आवाज खाली जायचा, पण तोंड चालूच.

सव्वीस वर्षांत ती त्याच्याशी एकदाच खोटं बोलली होती, आणि तेही पहिल्याच सिनेमाला. तेव्हा लग्न ठरायचं होतं. सिनेमा जुन्या धाटणीचा, त्यात नायक-नायिका बोलायचे कमी आणि बघायचे फार. शेवटी नायिका दुसऱ्याची होऊन बोटीवर चढते आणि नायक धक्क्यावर उभा राहतो. "वळून बघते ना ती?" त्याने अंधारात विचारलं. "बघते तर," हिने ठोकून दिलं. बाहेर पायऱ्या उतरताना त्याने तिला मागणी घातली.

मागच्या रविवारी लेकीने दोघांना एक नवा, हसवणारा प्रेमाचा सिनेमा दाखवला. त्यात एकाचंही तोंड मिटत नव्हतं. प्रेम बोलून, रुसवा बोलून, समेट तर भर रस्त्यात ओरडून. नवरा पोट धरून हसला. रेडिओबाईला सांगायला काही उरलंच नाही, तिने आपली बिस्किटं संपवली.

"मजा आली," घरी आल्यावर तो म्हणाला, "पण तुझं काही कामच पडलं नाही." ते तिला लागलं.

"मग तुमचा तो जुना बघू," लेक म्हणाली. "पुढच्या रविवारी पुन्हा लागतोय. आणि आई, तू घसा कोरडा करू नकोस. कानात लावायचं यंत्र मिळतं आता. पडद्यावर काय चाललंय ते त्यातली बाई सगळं सांगते."

"सगळं?"

"अगदी बारीकसारीक."

आठवडाभर काजं वाकडी झाली, शिंप्याने दोन शर्ट परत पाठवले. आभाळाचा रंग, त्याच्या शर्टावरचे डाग, तिचा स्वतःचा चेहरा, सगळं त्याने तिच्या शब्दावर घेतलं होतं. त्यातला एक शब्द खोटा निघाला, तर बाकीचे खरे होते हे त्याला कोण पटवणार? साक्षीदार काय तो तीच. तिने डोकेदुखी काढून पाहिली, तिकिटं हरवून पाहिली. लेक बधली नाही.

रविवारी दुपारी त्याच्या कानात यंत्र होतं आणि तिच्या तोंडाला कुलूप. सवयीने त्याने तिचं मनगट धरलेलं. ती पडद्याकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. शेवटी बोट आली तेव्हा मात्र तिने मान वर केली. नायिका ताठ मानेने चढून गेली. या खेपेला तरी मेलीने वळायला काय हरकत होती?

मनगटावरचा त्याचा अंगठा क्षणभर थांबला.

लेक यंत्र परत द्यायला गेली. दोघं पायऱ्यांवर आली.

"ऐकलंत?" तिने कसंबसं विचारलं.

"ऐकलं. न वळता गेली म्हणे."

"मी तेव्हा..."

"तेव्हा सगळं थिएटर मुसमुसत होतं. ती वळली असती तर एवढे लोक रडले असते का?"

तिने कठडा घट्ट धरला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग विचारलंत कशाला?"

"तू काय सांगतेस ते ऐकायचं होतं."

डोळे पुसावेत तर दुसरा हात त्याच्या हातात.

"किती पायऱ्या राहिल्या?" त्याने विचारलं.

तिने मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. "पाच."

त्याने काठी काखेत धरली आणि पाऊल टाकलं.