नानींच्या वाटची शाई

“माजं झालं. तुमचं?” असं म्हणत नानी डाव्या हाताचं बोट समोरच्याच्या नाकापर्यंत आणायच्या. नखावर शाईची ताजी रेघ असायची. समोरच्याचं मतदान राहिलं असेल तर त्याने मुकाट्याने पायात चपला सरकवलेल्या बऱ्या, कारण नानी दारातून हलायच्या नाहीत.

श्रीगोंद्याकडच्या उसाच्या पट्ट्यात आमची वस्ती. मी इथल्या शाळेत शिक्षक, आणि मतदार यादीचं कामही माझ्याच गळ्यात पडलेलं. केंद्र मात्र गावात होतं, कॅनॉलच्या कडेने चांगली अर्ध्या तासाची वाट. नानी उजाडताच मत देऊन यायच्या आणि येताना एकेका दारात थांबत वस्ती हलवायच्या. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. “बोट काळं केलं तर दाकवाय नको व्हय?” एवढंच त्यांचं म्हणणं.

मला मात्र त्या पायपिटीचा राग यायचा. केंद्र वस्तीवर आणलं की मतदान वाढणारच, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. अर्जामागून अर्ज केले आणि एकदाचं केंद्र माझ्याच शाळेत आलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

नेमका त्याच निवडणुकीत नानींचा गुडघा आडवा आला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, त्यामुळे घरून मत देण्याची सोय होती. मी तीही करून दिली. मतदानाच्या आधीच पथक गाडीतून घरी आलं. नानींनी सुनेला बाहेर काढलं, लेकाला बाहेर काढलं आणि “ह्ये गुपित आसतं” म्हणत दारातली शेळीसुद्धा लांब बांधायला लावली. पुठ्ठ्याच्या आडोशाला मत दिलं, पाकीट बंद झालं. तरी नानी हात पुढे करून बसलेल्याच.

“काय हवंय आजी?” साहेबांनी विचारलं.

“शाई.”

“ती आमच्याकडे दिलेली नाही.”

नानी बोटाकडे बघत राहिल्या. “मंग लोकास्नी काय दाकवू?”

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर टेबल मांडून बसलो. सकाळी थोडे लोक आले, मग सगळं थंड. दुपारी तर लिंबाखाली एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. कुणाला हाक मारली की एकच उत्तर, “हितंच तर हाय गुर्जी, जाऊ की मंग!” कुणाचं उसाला पाणी चाललेलं, कुणाची धार काढायची होती. मी घामाघूम झालो. केंद्र असं ओस पडलं तर पुढच्या खेपेला ते पुन्हा गावात नेतील, ही धास्ती होती.

शेवटी नानींच्या घरी गेलो. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. डावा हात पदराखाली.

“नानी, आज फिरला नाहीत?”

“कोऱ्या बोटानं कुटं फिरू? लोकं म्हनतील, म्हातारी खोटं बोलती.”

“पण मत दिलंय ना तुम्ही?”

“दिलंय की! पन साक्षीला शेळीबी न्हवती.”

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. केंद्राची धास्ती सांगितली. त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला. मग काठी मागितली.

पुढचं मला रांगेतल्या बायकांकडून कळलं. पहिल्याच दारात एका आगाऊ पोराने म्हटलं, “नानी, आधी बोट दाखवा.” नानींनी कोरं बोट वर केलं. “म्या घरी दिलं. माज्या वाटची शाई शाळेत ऱ्हायलीय. ती तू लावून घे.” पोरगं निमूट निघालं. मग दारोदार तेच. शेगडीवरचे चहा उतरले, पाण्याच्या मोटारी बंद झाल्या, आणि केंद्राचं दार बंद व्हायच्या आधी शाळेपुढे रांग लागली. एवढ्या उशिरा गावापर्यंत कुणी गेलंच नसतं, तेव्हा माझी सोयही अगदीच वाया गेली नाही, हे मी अजून सांगत असतो.

नानी लिंबाच्या पारावर बसून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचं बोट धरून बघत होत्या. “व्हय, लागली.” फार खुशीत होत्या. त्या संध्याकाळी मला त्या वस्तीतल्या सगळ्यांत श्रीमंत बाई वाटल्या.

आता नानी नाहीत. केंद्र अजून शाळेतच आहे. परवाच्या निवडणुकीत दुपारी जेवायला घरी निघालो, तर त्यांच्या उंबऱ्यावर सून शेंगा फोडत बसलेली. नानींची फार आठवण आली आणि माझं बोट आपोआप वर झालं.

“माझं झालं. तुमचं?”

ती उठली नाही. हसून तिने आपलंच बोट दाखवलं.

“सकाळीच, गुर्जी. आत्याबाईंच्या वाटची लावून आले.”