साळूबाईचा रिकामा तांब्या

उमरठच्या वरच्या वाडीतली साळूबाई कोण, असं पोलादपूरच्या कचेरीत विचारलंत तर कारकून हसतात. "साहेबाला रिकामा तांब्या दिला, ती." हसू देत.

एकोणसाठचा चैत्र. वाडीला विहीर हवी, हा अर्ज मीच लिहिलेला. कचेरीतले साहेब पाहणीला चढून आले, घामाने निथळत साळूबाईच्या ओट्यावर टेकले. तिने गुळाचा खडा पुढे केला, मग तांब्या दिला. तो कोरडा ठणठणीत. वर बाई एक शब्द बोलली नाही. साहेब तसेच तहानलेले उतरले. मला वाटलं, एकटीने मोर्चा काढला की हिने. चार गावांत सांगत फिरलो.

महिन्याने अर्ज परत आला. कोपऱ्यात इंग्रजी शेरा, एकच शब्द : एफ्रंटरी. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेलं. महाडहून आणलेला फाटका कोश उघडला. निर्लज्ज धाडस. डोकंच फिरलं. तडक कचेरी गाठली.

"बाईंनी माफी लिहून द्यावी," कारकून म्हणाला, "मग बघू विहिरीचं."

तिथेच तिखट उत्तर लिहिलं आणि वाडी चढलो. साळूबाई नाचणी पाखडत होती. तिला शब्दाचा अर्थ सांगितला. तिने सूप खाली ठेवलं.

"निर्लज्ज? अवो भावोजी, हंड्यात थेंब नव्हता. झरा आटलेला, पोरी खाली पान्याला गेलेल्या. तांब्या घेतला तो शेजारनीकडं जायाला. सायबानं हात पुढं केला, मी दिला. पावना दारात आन घरात पानी नाय. लाजंनं तोंड उघडंना माजं."

"मग मला का नाय सांगितलंत, वैनी?"

"तुमी इच्यारलंत कवा? तुमी गावभर सांगत व्हतात."

खिशातलं उत्तर खिशातच राहिलं. माफी मागावी तर कशाची? भांडावं तर कशावरून?

"लिवा," तीच म्हणाली, "घरात पानी नव्हतं, म्हून लाज वाटली. झालं."

तेवढंच लिहिलं. अंगठा घेतला. कचेरीत कारकुनाने दोनदा वाचलं.

"ही माफी, का तक्रार?"

मी परत आलेला अर्ज पुढे सरकवला. त्याने कागद अर्जाला टाचला आणि आत नेला.

पुढच्या वैशाखात वाडीखाली विहीर खणली. त्या कागदाने मिळाली की आपोआप, कळलं नाही. साळूबाईला विचारलं, तर तिने भरलेला तांब्या पुढे केला. साहेबाला दिला होता तसा गूळही मी मागितला.